जुन्या स्पोर्ट्स कारच्या कुजलेल्या पेट्रोल-नळ्या बदलताना: टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा क्रम

गाडीला पेट्रोलचा वास येऊ लागला की बहुतेक मालक बॉनेट उघडतात, कार्ब्युरेटरजवळची वीतभर रबरी नळी कापून तिथे नवी बसवतात आणि काम झाले असे समजतात. महिन्याभरात वास पुन्हा येतो, कारण खरी कुजलेली नळी मागे, टाकीच्या डोक्यावर किंवा पंपाच्या तोंडाशी असते आणि तिथपर्यंत कोणाचा हात पोचलेला नसतो. दुसरी चूक याहून वाईट आहे. सगळ्या नळ्या बदलल्या जातात, पण दुकानदाराने दिलेली रबरी नळी आजच्या पेट्रोलला टिकणारी नसते, आणि ती आतून सुटून काळ्या चिखलाच्या रूपाने कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, जमा होते.

हा लेख एमजीबी ही जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार समोर ठेवून लिहिला आहे, कारण तिची रचना सोपी आहे: मागे टाकी, मागच्या आसाजवळ खालच्या बाजूस एसयू बनावटीचा विजेवर चालणारा पंप, तिथून पुढे धातूचा पाइप आणि इंजिनाजवळ दोन एसयू कार्ब्युरेटर. इंजिनावर यांत्रिक पंप असलेल्या गाड्यांनाही हाच क्रम लागू होतो. फक्त तिथे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा पाइप ओढीचा म्हणजे सक्शनचा असतो, आणि त्याचा विचार तपासणीच्या वेळी वेगळा करावा लागतो.

## १. कामाची जागा आणि वेळ

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत साचते. म्हणून हे काम सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर कधीही करू नये, मग मिस्त्री कितीही आग्रह करो. दोन बाजूंनी उघडी शेड किंवा अंगण सर्वांत चांगले. आसपास देवघरातला दिवा, गिझर, स्वयंपाकघराची खिडकी किंवा शेजारच्या वेल्डिंगच्या ठिणग्या नाहीत ना, हे आधी पाहावे. जुन्या वाड्यातल्या चौकात काम करणाऱ्यांनी तर चारही बाजूंच्या खोल्यांत कोण काय पेटवते, याची विचारपूस करूनच बसावे.

आमच्या वडोदऱ्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी उघडलेल्या टाकीतून वाफ अक्षरशः दिसते. त्यामुळे हिवाळ्यातले दिवस निवडावेत, आणि उन्हाळ्यातच करायचे असेल तर टाकी रिकामी करण्याचे काम पहाटे उरकावे. भर पावसाळा टाळावा. दमट हवेत उघडा राहिलेला नवा लोखंडी पाइप दोन रात्रींत आतून तांबूस होतो.

हाताशी एबीसी पावडरचे अग्निशामक नळकांडे हवे, आणि ते गाडीखाली नव्हे, तर बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. उजेडासाठी तारेला लोंबणारा काचेचा बल्ब घेऊ नये. पेट्रोलचा एक थेंब गरम काचेवर पडला की तो फुटतो. बॅटरीवर चालणारा बंद एलईडी दिवा घ्यावा आणि तो कामाच्या जागेपासून दूर असतानाच चालू करावा.

गाडी चढवताना नुसत्या जॅकवर विसंबू नये. चारही बाजूंना घोड्या लावाव्यात आणि गाडी हाताने हलवून पाहावी.

सावधान: बॅटरीची अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली तार आधी काढावी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. सवयीने ऋण टोकावर आधी पाना लावणाऱ्याचा पाना बॉडीला टेकला तर भली मोठी ठिणगी पडते, तीही टाकीपासून फार दूर नाही. आधी तार कुठे जाते ते पाहावे, मग पान्याला हात घालावा.

## २. उघडण्याआधी नकाशा

या टप्प्यावर लोक सर्वांत कमी वेळ देतात आणि नंतर सर्वांत जास्त पस्तावतात. जुना पाइप काढण्याआधी त्याचा संपूर्ण मार्ग कागदावर काढावा: कोणत्या क्लिपमधून जातो, कुठे वळतो, हँडब्रेकच्या तारेच्या वरून की खालून, एक्झॉस्टपासून किती अंतरावर. मोबाइलवर फोटो जरूर काढावेत, पण फोटोत अंतर कळत नाही, म्हणून शेजारी पट्टी धरून काढावेत.

प्रत्येक रबरी तुकड्याची लांबी आणि आतला व्यास मोजावा. इंग्लिश गाड्यांवर माप इंचात असते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि पाच सोळांश इंच म्हणजे ७.९ मिलिमीटर. दुसऱ्या मापावर आठ मिलिमीटरची नळी ठीक बसते, परंतु पहिल्यावर सहाची चढवताना ती ताणली जाते आणि आठची ढिली राहते. ढिली नळी क्लॅम्प आवळून घट्ट करता येईल, हा समज सोडून द्यावा; क्लॅम्पखाली नळीला चुणी पडते आणि गळती त्या चुणीतूनच होते.

रबरी तुकडे साधारण कुठे सापडतील: टाकीच्या तोंडाशी, पंपाच्या दोन्ही बाजूंना, धातूचा पाइप संपून इंजिनाकडे जाणारा लवचीक तुकडा आणि दोन कार्ब्युरेटरांमधला छोटा जोड. याखेरीज टाकीत पेट्रोल भरण्याच्या नळकांड्याचा जाड रबरी जोड आणि वाफेच्या नळ्या असतात. या शेवटच्या दोन गोष्टी जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. वास येत राहतो, गळती मात्र सापडत नाही, तेव्हा बहुतेक वेळा दोष भरण्याच्या जोडाचा असतो.

## ३. खरेदी: इथेच निम्मे काम बिघडते

फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर सुरू झालेले वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ पर्यंत देशभर पोचले. कोयलीची रिफायनरी वडोदऱ्याला लागून असली तरी तिथून आपल्यासाठी वेगळे पेट्रोल येत नाही; जुन्या गाडीलाही तेच प्यावे लागते. साध्या नायट्राइल रबराची नळी या मिश्रणात फुगते, मऊ होते आणि वाळली की तडकते. म्हणून नळीवर छापलेली श्रेणी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नळ्यांसाठीच्या एसएई जे ३० या अमेरिकी मानकातील आर ६ आणि आर ७ या श्रेणी जुन्या, कमी दाबाच्या पेट्रोलसाठी होत्या. आपल्याला आर ९ किंवा आर १४ हवी. आर ९ च्या आतल्या थरात फ्लुओरोइलास्टोमर, म्हणजे बोलीभाषेत व्हायटॉन, असते आणि ते इथेनॉलला पुरून उरते. ही नळी थोडी ताठ असते आणि तीव्र वळणात मोडते. तिथे आर १४ सोपी पडते. काउंटरवर “गॅसची नळी पण चालते, साहेब” असे ऐकू आले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे.

छाप खोटीही असू शकते. मी एकदा छाप खरीच असते या भ्रमात सहा मीटर नळी आणली होती. छाप स्पष्ट, किंमतही भरपूर, आणि चार महिन्यांत आतला थर बोटाने सोलता येईल असा झाला. तेव्हापासून मी नळी बसवण्याआधी तिचा पाच सेंटिमीटरचा तुकडा झाकणाच्या बरणीत पंपावरच्या पेट्रोलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवतो. पेट्रोल काळे पडले, तुकडा फुगला किंवा नखाने दाबल्यावर खूण राहिली, तर ती नळी परत जाते. बरणी घरात ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको.

धातूच्या पाइपासाठी तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप सर्वांत सोयीचा: हाताने वळतो, गंजत नाही. झिंकचा लेप असलेला लोखंडी पाइपही चालतो. शुद्ध तांब्याचा, एसीवाल्यांकडे मिळणारा पाइप स्वस्त आणि हाती लागणारा असला तरी घेऊ नये. कंपनाने तो कडक होत जातो आणि फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी पसरट केलेल्या टोकाच्या, मुळाशी चिरतो.

क्लॅम्प गोल कडांचे, आतून गुळगुळीत, पेट्रोल-नळीसाठीच बनवलेले घ्यावेत. पट्टीला खाचा असलेला साधा पाण्याच्या नळीचा क्लॅम्प रबर कापतो.

नट आणि जोड विकत घेताना जुना नट खिशात न्यावा. इंची आटे आणि मेट्रिक आटे पहिल्या दोन फेऱ्यांत एकमेकांत जातात, मग अडकतात. तिथे पान्याने जोर लावला की पंपाचे तोंडच खराब होते. वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक पाइपाचे काम करणाऱ्यांकडे आट्यांचे गेज असते, त्यांच्याकडून माप तपासून घेणे दोन मिनिटांचे काम आहे.

## ४. टाकी रिकामी करणे

काम ठरले की आधीचे काही दिवस गाडी चालवून टाकी जवळजवळ संपवावी. उरलेले पेट्रोल तळाच्या प्लगमधून, आणि प्लग नसेल तर हातपंपाने, झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये काढावे. कॅन जमिनीवर ठेवावा आणि टाकीचा उघडा धातू व कॅन यांना एका तारेने जोडून घ्यावे, म्हणजे वाहत्या पेट्रोलमुळे साठणारी स्थिर वीज ठिणगी पाडणार नाही. प्लास्टिकची बादली वापरू नये. नळी तोंडाने ओढू नये.

तपासणी: काढलेले पेट्रोल एका पारदर्शक काचेच्या बरणीत अर्धा तास ठेवून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे: इथेनॉलने पाणी ओढून घेतले, आणि प्रमाण वाढल्यावर दोन्ही मिळून खाली बसले. सक्शनचा पाइप नेमका तळातूनच ओढतो, त्यामुळे नवा पाइप गंजायला हा थर पुरेसा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी ज्या गाड्यांच्या पोटापर्यंत आले होते, त्यांच्या मालकांनी ही पायरी तर मुळीच वगळू नये. त्या गाड्यांत क्लिपांच्या मागे अजूनही गाळ सापडतो, आणि पाइप बाहेरून बरा दिसला तरी क्लिपखाली कागदासारखा पातळ झालेला असतो.

टाकीतून तांबूस चुरा किंवा सालपटे निघाली तर इथेच थांबावे. गंजलेल्या टाकीला नव्या नळ्या जोडणे म्हणजे नवा फिल्टर रोज बदलण्याची तयारी ठेवणे. पूर्वी कोणी टाकीला आतून लेप दिला असेल, तर तोही इथेनॉलने सुटत असतो. त्याची सालपटे पातळ, लवचीक आणि बहुधा फिकट रंगाची दिसतात. टाकीला डाग द्यायची वेळ आली तर ती रिकामी आहे म्हणून आगीजवळ नेऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोल नसते, वाफ असते.

## ५. जुन्या नळ्या काढणे

टाकीकडून सुरुवात करावी आणि पुढे यावे. उलट क्रमाने, म्हणजे कार्ब्युरेटरकडून सुरुवात केली तर वर चढवलेल्या गाडीत पाइपातले पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यांवर, किंवा तुमच्या बाहीत उतरते.

१. पहिला जोड सोडण्याआधी आदल्या रात्री नटावर गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे.

२. नटासाठी फ्लेअर नटाचाच पाना वापरावा. साध्या उघड्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. पंपाचे तोंड दुसऱ्या पान्याने धरून ठेवावे, नाहीतर नटाऐवजी पंप फिरतो.

३. रबरी नळी ओढून काढू नये. ती लांबीच्या दिशेने धारदार पात्याने चिरून सोलावी. टाकीच्या पाइपावर पात्याचा ओरखडा उठला तर नवी नळी त्याच ओरखड्यावर गळते, म्हणून पाते तिरके धरावे.

४. प्रत्येक उघडे तोंड लगेच बंद करावे. चिंधी कोंबू नये. तिचा धागा आत राहतो. रबरी बूच किंवा स्वच्छ बोल्ट चालतो.

५. जुना धातूचा पाइप शक्य तर एकसंध काढावा. मार्ग बसवताना तोच साचा होतो. कापावा लागलाच, तर करवतीने किंवा ग्राइंडरने नव्हे, ट्यूब कटरने, आणि आतले पेट्रोल निथळल्यावरच.

जुन्या रबरी तुकड्यांपैकी एक उभा चिरून आतून पाहावा. बाहेरून चकचकीत आणि आतून चिखल झालेली नळी एकदा डोळ्यांनी पाहिली, की पुढच्या वेळी “ही तर बरी आहे” असे म्हणण्याची सवय जाते.

## ६. धातूचा पाइप घडवणे

नवा पाइप जुन्याच्या शेजारी ठेवून वळवावा. वळणाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिपटीपेक्षा कमी नसावी आणि वळवण्यासाठी बेंडर वापरावा. गुडघ्यावर वळवलेला पाइप चपटा होतो आणि उन्हात पेट्रोलची वाफ नेमकी त्या चपट्या जागी अडते. दोन्ही टोकांना हातभर नव्हे, पण चार बोटे जास्त लांबी ठेवावी. अंतिम काप पाइप गाडीत बसवून झाल्यावर घ्यावा.

कापल्यावर आतली आणि बाहेरची धार काढावी, पाइप उलटा धरून टिचक्या माराव्यात आणि चुरा हवेने फुंकून बाहेर काढावा. त्यानंतर, आणि फ्लेअर करण्याआधी, नट पाइपावर सरकवावा. हे वाक्य वाचून हसणाऱ्या माणसाचाही एक पाइप कधी ना कधी याच कारणाने भंगारात गेलेला असतो.

फ्लेअर कोणत्या आकाराचा हवा हे जुना पाइप सांगतो. त्याची नक्कल करावी, अंदाज करू नये. लोखंडी पाइपाला एकेरी फ्लेअर केला तर कड चिरते, तिथे दुहेरी फ्लेअर लागतो. पहिला प्रयोग उरलेल्या तुकड्यावर करावा. जिथे धातूच्या टोकावर रबरी नळी चढणार असेल तिथे टोकाला गोल उंचवटा द्यावा. सरळ टोकावरून नळी दाबाने सरकते.

तपासणी: पाइप गाडीत बसवण्याआधी, पूर्ण कोरडा आणि पेट्रोलचा अंशही नसलेला असताना, एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने सायकलच्या मीटरवाल्या पंपाने दहा पीएसआय हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावावे. एसयू पंपाचा दाब तीन पीएसआयच्या आसपास असतो, त्यामुळे ही परीक्षा पुरेशी कठोर आहे. हवा भरताना टाकी, पंप किंवा कार्ब्युरेटर यांपैकी काहीही जोडलेले नसावे.

## ७. बसवणी

मागून पुढे यावे. पाइप मूळ मार्गानेच न्यावा आणि दर ३० ते ४० सेंटिमीटरवर रबर लावलेल्या क्लिपने धरावा. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकात नवा ग्रोमेट, म्हणजे कडेचे रबरी कडे, हवा. एक्झॉस्टपासून किमान ५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि तेवढे मिळत नसेल तर मध्ये पत्र्याची आड लावावी. नट आधी बोटांनी पूर्ण फिरवावेत. तीन-चार फेऱ्या बोटांनी गेल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

रबरी तुकडे धारदार पात्याने काटकोनात कापावेत, टोकावर अडीच सेंटिमीटर चढवावेत आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे, नळीच्या कडेपासून थोडे आत बसवावा. चढवताना ग्रीस किंवा साबण लावू नये. पेट्रोलचा एक थेंब पुरतो. क्लॅम्प किती आवळावा? पट्टी रबराच्या पृष्ठभागाशी समपातळीत आली की थांबावे. रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फुगून आले तर ते जास्त झाले.

फिल्टर पंपानंतर, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर लावावा आणि त्यावरचा बाण प्रवाहाच्या दिशेला असावा. काचेचे, स्क्रूने उघडणारे दिखाऊ फिल्टर बॉनेटखाली लावू नयेत. त्यांची वॉशर सैल होते आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड असतो. पंपाआधी बारीक जाळीचा फिल्टर लावला तर पंपाची ओढ कमी पडते.

कार्ब्युरेटरला नळी जोडण्याआधी फ्लोट चेंबर उघडून तळ पुसून घ्यावा. काळा लगदा राहिला तर तो चेंबरमध्ये येणारे पेट्रोल थांबवणाऱ्या नीडल व्हॉल्व्हखाली अडकून नव्या नळ्यांची बदनामी करतो.

## ८. पेट्रोल सोडणे आणि पाहणे

टाकीत पाच लिटर ताजे पेट्रोल घालावे. पहिली दहा मिनिटे काहीही चालू करू नये, फक्त टाकीजवळचे जोड कोरड्या पांढऱ्या कागदाने टिपून पाहावेत. मग कार्ब्युरेटरकडची नळी काढून ती धातूच्या मापात धरावी आणि हवा खेळती आहे याची खात्री करून बॅटरी जोडावी. एक माणूस किल्लीवर, दुसरा मापापाशी. चांगला पंप अर्ध्या मिनिटात अर्धा लिटरच्या आसपास पेट्रोल देतो. धार फसफसत, बुडबुडे घेऊन आली आणि बुडबुडे थांबले नाहीत, तर पंपाच्या मागच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे. सक्शनच्या बाजूची गळती थेंबाने दिसत नाही, ती अशीच कळते. यांत्रिक पंपाच्या गाड्यांत तर इंजिनाचे अडखळणे हीच तिची एकमेव खूण असते.

धार नीट असेल तर किल्ली बंद करावी, सांडलेले पुसून वाफ जाऊ द्यावी आणि नळी कार्ब्युरेटरला जोडावी. पुन्हा किल्ली फिरवावी, इंजिन चालू करू नये, नुसते ऐकावे. एसयू पंप आधी भरभर टिकटिकतो, फ्लोट चेंबर भरले की मंदावतो आणि गप्प बसतो. त्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात एकदाही टिकटिक झाली नाही, तर यंत्रणा बंदिस्त आहे. अधूनमधून टिक ऐकू येत असेल, तर एक तर कुठे गळते आहे किंवा नीडल व्हॉल्व्ह बसत नाही. कार्ब्युरेटरची ओव्हरफ्लोची नळी कोरडी असेल तर संशय जोडांवर घ्यावा.

सावधान: जोड ओला दिसला तर पंप चालू असताना आवळायला जाऊ नये. किल्ली बंद, बॅटरीची तार काढलेली, मगच पाना.

## ९. पहिले पंधरा दिवस

इंजिन जागेवरच पूर्ण गरम होईपर्यंत चालवावे, बंद करावे आणि थंड झाल्यावर प्रत्येक क्लॅम्प पुन्हा तपासावा. नवे रबर पहिल्या उष्णतेत थोडे बसते आणि क्लॅम्प पाव फेरीने सैल होतो. पहिली फेरी घराजवळची ठेवावी. वडोदऱ्यातल्या अकोटा-गोत्रीच्या रहदारीत गाडी थांबत-चालत तापते, तीच परीक्षा चांगली. थेट हालोलच्या रस्त्यावर वेगाने नेल्यास उष्णतेचे दोष लपून राहतात आणि अडचण घरापासून दूर उभी राहते.

पहिला फिल्टर दोन आठवड्यांनी किंवा दोनशे किलोमीटरनंतर काढून पांढऱ्या कागदावर झटकावा. तांबूस चुरा टाकीचा असतो, काळा लगदा रबराचा, चकचकीत कण फ्लेअर करताना राहिलेल्या धातूचे. त्यावरून मागे कुठे जायचे ते ठरते. गाडी क्वचित निघत असेल तर टाकी अर्धी ठेवून महिनोन्‌महिने उभी करू नये, आणि नळ्या बसवल्याची तारीख टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवावी. पुढच्या मिस्त्रीला ती तुमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.